‘नुसत्या चौकशी’ची नोंद कोठे होते?

मा. संपादक यांस,

सादर नमस्कार.

मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी साडेआठच्या सुमारास, माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या अकरावीच्या एका मुलाचे वडील माझ्या दारात येऊन उभे राहिले. ते सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. हळदीचा हंगाम ऐन भरात होता आणि निरोप मिळताच ते काम टाकून तसेच निघाले होते, त्यामुळे त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. “बाई, पोराला पोलिसांनी गाडीत घालून नेलंय. काय केलंय त्यानं, तुम्हाला काय ठावं हाय का?” एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मला काहीच ठाऊक नव्हते. पायांत चपला सरकवून मी त्यांच्याबरोबर निघाले. बत्तीस वर्षे मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवले, पण पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

घडले होते ते असे. दुपारी एका महाविद्यालयाजवळ काही तरुणांची मारामारी झाली होती. संध्याकाळी गस्तीची गाडी त्या रस्त्याने आली, तेव्हा रसवंतीपुढे जी तीन मुले उभी होती त्यांना “चला, नुसती चौकशी आहे” असे म्हणून गाडीत बसवण्यात आले. आम्ही पोहोचलो तेव्हा आमचा मुलगा भिंतीलगतच्या बाकावर दप्तर छातीशी घट्ट धरून बसला होता आणि रसवंतीवाल्याने परत दिलेली दहाची नोट त्याच्या मुठीत चुरगळून गेली होती. त्याचा मोबाईल टेबलावर होता आणि दोन कर्मचारी त्यातली छायाचित्रे चाळत होते. त्यांत त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याचीही छायाचित्रे होती. आमच्या मुलाला कोणी हात लावला नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते; त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाच्या कानशिलात मात्र आमच्यादेखत एक बसली. त्याच ठाण्यातल्या एका महिला हवालदारांनी तिन्ही मुलांना पाणी दिले आणि तिसऱ्या मुलाच्या आईला स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावून दिला, हेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ठाण्याचे नाव मी लिहीत नाही. ते लिहिले तर मुलाची ओळख उघड होण्याचा धोका आहे, आणि मला जे म्हणायचे आहे ते एका ठाण्यापुरते नाही.

सव्वादहाच्या सुमारास एक छापील कागद पुढे आला. तो मुलाचा जबाब होता. मी मराठीची शिक्षिका असल्यामुळे असेल, पण त्या कागदावरच्या भाषेने माझे लक्ष वेधून घेतले. सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडी “सदर ठिकाणी मी हजर असताना” आणि “माझी कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही” अशी वाक्ये होती, आणि शेवटी “वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे” असे लिहिलेले होते. मुलाने तो वाचला नव्हता. त्याने सही केली, खाली वडिलांनी सही केली, आणि वडिलांच्या बोटांचे पिवळे ठसे कागदाच्या कोपऱ्यावर उमटले. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारले, सही करण्यापूर्वी वाचायचे नाही का? ते म्हणाले, “वाचता येतंय बाई थोडं, पण सायबाच्या पुढ्यात वाचत कसं बसायचं?” मोबाईल चार दिवसांनी मिळाला. तो ठेवून घेतल्याची पावती नव्हती आणि परत दिल्याचीही नव्हती. मारामारीशी मुलाचा काहीही संबंध नसल्याचे दुसऱ्याच दिवशी स्पष्ट झाले होते, तरी तो पुढचे दोन आठवडे शिकवणीला आला नाही.

त्यानंतर, वकिली करणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीला बरोबर घेऊन, मी या विषयावरचा कायदा मुळातून वाचून काढला. त्यातून मला जे समजले ते आपल्या वाचकांसमोर, विशेषतः आठवी ते बारावीच्या मुलांच्या पालकांसमोर यावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पोलीस अठरा वर्षांखालील मुलाला ठाण्यात नेतात तेव्हा तो कायद्याच्या दृष्टीने कोण असतो, हा पहिला प्रश्न आहे. त्याच्यावर गुन्ह्याचा संशय असेल, तर बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू होतो आणि तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ठरतो. तो केवळ साक्षीदार असेल, त्याला काही माहिती असण्याची शक्यता असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ लागू होते. तो घर सोडून आलेला, हरवलेला किंवा छळाला बळी पडलेला असेल, तर ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ म्हणून त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करायचे असते. संशयित, साक्षीदार, किंवा आधाराची गरज असलेले मूल, अशी ही तीन दारे आहेत आणि प्रत्येक दारातून आत गेलेल्या मुलाची कोठे ना कोठे लेखी नोंद होते. ‘नुसती चौकशी’ नावाचे चौथे दार कायद्यात नाही. आपल्याकडे मात्र बहुसंख्य मुले त्या चौथ्या दारानेच आत जातात आणि त्याच दाराने बाहेर येतात, आणि आत घालवलेल्या दोन-तीन तासांचा मागमूस कोणत्याही वहीत राहत नाही. नोंद नसली की वेळ मोजायची कोठून, पालकांना कधी कळवले हे विचारायचे कोणाला, आणि वकील मागायचा कशाच्या आधारावर? मुलांसाठी केलेला सगळा कायदा त्या एका नोंदीवर उभा आहे, असे माझे मत झाले आहे.

साक्षीदाराच्या दारापासून सुरुवात करते, कारण त्याची माहिती लोकांना सर्वांत कमी आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी या बाबतीतला मूळ नियम तोच राहिला आहे. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला साक्षीदाराला बोलवायचे असेल तर तसा आदेश लेखी द्यावा लागतो. पंधरा वर्षांखालील मुलगा आणि कोणत्याही वयाची स्त्री यांना जबाबासाठी त्यांच्या राहत्या ठिकाणाखेरीज इतरत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही; पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचे असते. म्हणजे नववीतल्या चौदा वर्षांच्या मुलाला “उद्या सकाळी ठाण्यात ये” असे सांगणे कायद्यात बसत नाही, आणि सतरा वर्षांच्या मुलीला तर मुळीच नाही. हा नियम कागदावर जुना आहे. १९७८ साली नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात, म्हणजे ओडिशाच्या एका माजी मुख्यमंत्र्यांना चौकशीसाठी ठाण्यात हजर राहायला सांगितले गेले त्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीला अशा रीतीने ठाण्यात बोलावण्याबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली होती आणि स्वतःला गुन्ह्यात गुंतवणाऱ्या प्रश्नांना उत्तर न देण्याचा घटनेच्या कलम २०(३) मधील हक्क पोलीस चौकशीलाही लागू होतो, असे म्हटले होते.

आता संशयिताचे दार. बाल न्याय कायद्याच्या कलम १० प्रमाणे ताब्यात घेतलेले मूल विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन करायचे असते आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभे करायचे असते. कोणत्याही परिस्थितीत मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. या वाक्याला कायद्याने एकही अपवाद ठेवलेला नाही. कलम १३ प्रमाणे आई-वडिलांना आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) कळवणे बंधनकारक आहे. कलम १०७ प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा किमान एक अधिकारी बाल कल्याण पोलीस अधिकारी म्हणून नेमलेला असला पाहिजे. माझ्या ओळखीच्या दहा-बारा पालकांना मी विचारले. असा अधिकारी असतो हे त्यांतील एकालाही ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

याच कायद्याखाली केंद्र सरकारने केलेल्या २०१६ च्या आदर्श नियमांतील आठवा नियम तर प्रत्येक पालकाने पाठ करावा असा आहे. त्यात म्हटले आहे की मुलाला बेड्या किंवा साखळी घालायची नाही, त्याच्यावर बळजबरी करायची नाही, गुन्हा कबूल करायला भाग पाडायचे नाही. त्याच्याशी बोलायचे ते ठाण्यासारख्या न वाटणाऱ्या, मुलाला भीती वाटणार नाही अशा जागी, आणि त्या वेळी आई-वडील उपस्थित राहू शकतात. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने गणवेशात नव्हे, साध्या वेशात असायचे. मुलाला मोफत वकील मिळावा म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पोलिसांनीच कळवायचे. आणि जे वाचून मी थबकले ते असे, की मुलाला कोणत्याही जबाबावर सही करायला सांगायचे नाही. साक्षीदाराच्या बाबतीतही तेच: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ प्रमाणे तपासात पोलिसांपुढे दिलेला जबाब लेखी उतरवला तरी त्यावर सही घ्यायची नसते. म्हणजे आमचा मुलगा संशयित असो की साक्षीदार, त्या रात्री पिवळे ठसे उमटलेल्या त्या कागदावर त्याच्या सहीला जागाच नव्हती.

याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, जी सर्वसाधारण समजुतीच्या अगदी उलट आहे. मुलाला ताब्यात घेण्याचा अधिकार वापरायचा तो मुख्यतः घोर अपराधांत, म्हणजे ज्यांना किमान सात वर्षांची शिक्षा आहे अशा गुन्ह्यांत. त्याहून कमी गंभीर गुन्ह्यांत मुलाच्या हिताला आवश्यक असेल तरच त्याला ताब्यात ठेवायचे. एरवी स्टेशन डायरीला नोंद करून, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करून तो मंडळाकडे पाठवायचा आणि सुनावणीला कधी यायचे ते पालकांना कळवायचे. सायकल चोरल्याचा संशय असलेल्या मुलाला बाकावर रात्र काढायला लावणे हे यात कोठेच बसत नाही. आणि ताब्यात किंवा देखरेखीखाली असलेल्या मुलाला मारहाण करणे किंवा विनाकारण मानसिक, शारीरिक यातना देणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे, ज्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. उठाबशा काढायला लावणे, भर चौकात केस कापणे आणि त्याचे चित्रीकरण करणे यांना लोक टाळ्या वाजवतात. त्या लोकांनी हे कलम एकदा वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोबाईलबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आजच्या मुलाच्या दृष्टीने तीच खरी झडती असते. रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणाचाही मोबाईल उघडून छायाचित्रे आणि संदेश सहज चाळावेत, असा सरसकट अधिकार मला कोणत्याही कलमात आढळला नाही. तपासासाठी एखादी वस्तू हवी असेल तर ती हजर करण्याचा लेखी आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली देता येतो. झडती तातडीची असेल तर तिची कारणे लिहून ठेवावी लागतात. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्ती यांचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही करायचे असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. तो निर्णय वयाची अट घालत नाही. बहिणीच्या साखरपुड्याची छायाचित्रे दोन अनोळखी माणसांनी चाळली, याची जी बोच त्या मुलाला लागली ती मी पाहिली आहे. त्याने मला विचारले, “बाई, ताईला सांगू का नको?” मला उत्तर देता आले नाही.

दुचाकीच्या बाबतीत मात्र मी पालकांनाच आधी बोल लावीन. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती शंभर-सव्वाशे सीसीची गाडी देणे हा मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनंतर पालकाचा किंवा वाहनमालकाचा गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचाच. विश्रामबागेच्या रस्त्याने शिकवणीच्या वेळी उभे राहून पाहिले तर हा कायदा किती जण पाळतात ते दिसते. अशा मुलाला पोलिसांनी थांबवले, गाडी जप्त केली, तर त्यात पोलिसांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. जप्तीचा कागद द्यावा आणि मुलाला अपमानित करू नये, एवढीच अपेक्षा आहे.

या पत्रावर काय आक्षेप घेतला जाईल याची मला कल्पना आहे. कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुले असतात, मोठे गुन्हेगार त्यांना मुद्दाम पुढे करतात, आणि १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन जीव घेणाऱ्या अल्पवयीन चालकाला सुरुवातीला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, हे सगळे वाचक मला ऐकवतील. पुण्याच्या त्या घटनेचा संताप मलाही आला होता, आणि मृतांच्या आई-वडिलांचे दुःख कोणत्याही कायद्याच्या चर्चेत विसरता येणार नाही. पण त्या संतापातून आपण कोणता निष्कर्ष काढतो हे महत्त्वाचे आहे. ज्या घरात पहाटे फोन करताच वकील उभा राहतो, त्या घरातल्या मुलाला बाल न्याय कायद्याची प्रत्येक ओळ मिळते; मार्केट यार्डातल्या हमालाच्या मुलाला, ज्याने काहीच केलेले नसते, त्यातली पहिली ओळही मिळत नाही. कायदा सैल आहे म्हणून नव्हे, तर त्याची माहिती आणि त्याचा आधार सर्वांपर्यंत सारखा पोहोचत नाही म्हणून असे होते. आणि खरोखर घोर अपराध करणाऱ्या सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी २०१५ च्या कायद्याने प्राथमिक मूल्यांकन करून प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट ठेवलेली आहेच. कठोरपणाला तिथे जागा आहे. रसवंतीपुढच्या मुलांना सन्मानाने वागवल्याने ती जागा कमी होत नाही.

पोलिसांचीही बाजू आहे आणि ती मला नाकारायची नाही. सणावाराला, मोर्चाला, पुराच्या दिवसांत आयर्विन पुलावर कृष्णेची पातळी वाढू लागली की दिवसरात्र रस्त्यावर असतात ते हेच लोक. त्यांना बालमानसशास्त्राचे प्रशिक्षण किती मिळते आणि ठाण्यात मुलांसाठी वेगळी खोली बांधायला जागा तरी किती असते, याचा विचार शासनाने करायचा आहे. पण नोंद करायला जागा लागत नाही. पालकांना फोन करायला प्रशिक्षण लागत नाही, हे त्या महिला हवालदारांनी माझ्या डोळ्यांदेखत दाखवून दिले.

सांगलीकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या शहरात पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळण्यात आला आणि त्या प्रकरणात पोलिसांनाच अटक झाली. तो तरुण अल्पवयीन नव्हता. पण त्या दिवसापासून या शहरातल्या आई-बापांना ‘चौकशीला नेले’ हे दोन शब्द साधे राहिलेले नाहीत, आणि त्या रात्री साडेआठला माझ्या दारात उभे असलेल्या गृहस्थांचा आवाज का थरथरत होता ते मला वेगळे विचारावे लागले नाही.

मग मुलांना काय शिकवायचे? मी माझ्या शिकवणीत जे सांगू लागले आहे ते येथे लिहिते. पोलिसांनी थांबवले तर पळू नये, हुज्जत घालू नये, खोटे नाव सांगू नये. नाव, पत्ता, शाळा खरी सांगावी आणि ‘माझे वय इतके आहे, माझ्या आई-वडिलांना फोन करा किंवा मला करू द्या, ते आल्यावर मी बोलतो’ हे वाक्य शांतपणे, हात जोडून म्हणावे लागले तरी म्हणावे. वयाबद्दल शंका निघाली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आणि ते नसल्यास पालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला धरला जातो. वैद्यकीय तपासणीची पाळी हे काहीच नसेल तेव्हा येते. म्हणून बोनाफाईडची एक प्रत दप्तरात असावी. गाडीत बसवले तर कोणत्या ठाण्यात नेत आहेत ते विचारून बरोबरच्या मित्राला मोठ्याने सांगावे. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. मुलीला रात्री ठाण्यात थांबायला सांगितले तर १०९८ (चाइल्ड लाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) वर लगेच फोन करावा.

पालकांसाठी दोन गोष्टी. मोफत वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो असा सार्वत्रिक गैरसमज आहे; विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मुले आणि स्त्रिया यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी पुरते. दुसरे म्हणजे, सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आणि त्यातील चित्रण अठरा महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला आहे. आपले मूल किती वाजता आत गेले आणि किती वाजता बाहेर आले याचा पुरावा वहीत नसला तरी तिथे असायला हवा, आणि तो मागणे हा पोलिसांवरचा अविश्वास नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी कोठडीतल्या स्त्रियांच्या स्थितीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला नुसते पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानून १९८३ साली स्त्री संशयितांच्या कोठड्या व कायदेशीर मदतीबद्दल निर्देश दिले, हेही याच महाराष्ट्रात घडले आहे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील छापायला मनाई करते, आणि ती मनाई संशयित मुलाला, पीडित मुलाला आणि साक्षीदार मुलालाही लागू आहे. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नाव कोणी छापत नाही, हे खरे. पण “अमुक गावच्या अमुक विद्यालयातील दहावीचा विद्यार्थी” असे छापले की दोन हजार वस्तीच्या गावात नाव छापायची गरज उरत नाही. व्हॉट्सॲपवर मुलांच्या चित्रफिती पुढे ढकलणाऱ्यांनाही हेच कलम लागू पडते, हे एकदा ठळक चौकटीत छापावे, अशी विनंती आहे.

आदर्श नियमांनुसार बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांची, बाल न्याय मंडळाच्या सदस्यांची आणि चाइल्ड लाइनची नावे व संपर्क क्रमांक प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावलेले असायला हवेत. त्या रात्री पावणेदोन तास बसून मी समोरची भिंत पाहिली. तिथे असा फलक नव्हता. जिल्ह्यातील प्रत्येक ठाण्याच्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव काय, ठाण्यात आणलेल्या अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाची, चौकशीपुरती असली तरी, स्टेशन डायरीत नोंद होते काय, आणि असा फलक किती ठाण्यांत आहे, असे तीन प्रश्न विचारणारा अर्ज मी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराखाली गेल्या सोमवारी दिला आहे. कायद्याने तीस दिवसांत उत्तर यायला हवे. ते आले की नावांच्या यादीसह आपल्याकडे पाठवीन; कृपया ती जागा राखून ठेवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली